शिदू गुळव्याचं नियमातलं दान

एका गावात एक भोळा गुळव्या होता. त्याचं नाव शिदू, गावाचं नाव सोंडवाडी. उसाचा रस आटवून तो असा गूळ करायचा की पाहुणे जेवून हात धुतल्यावरही खडा मागायचे. हात हुशार होते. डोकं मात्र सांगितलं तेवढंच ऐकायचं आणि ऐकलेलं कधी विसरायचं नाही. सगळा घोटाळा त्या न विसरण्यातच होता.

एकदा आई म्हणाली, "शिदू, पुढच्या दाराकडं लक्ष ठेव." शिदूनं लक्ष ठेवलं. चोर मागच्या दारानं आला, हंडा-कळशी घेऊन पुढच्या दारानं गेला. शिदूनं त्याला जाताना नीट पाहिलं आणि आईला त्याच्या शर्टाचा रंगसुद्धा सांगितला. आईचं नाव गौराक्का. बिचारीनं कपाळाला हात लावला. तो हात त्यानंतर कपाळावरून फारसा खाली आला नाही.

सोंडवाडीच्या कडेनं एक ओढा वाहायचा. ओढ्याच्या अलीकडं एक संस्थान, पलीकडं दुसरं. अलीकडचा राजा जाड होता आणि पलीकडचा बारीक. बाकी ऊस तोच, पाणी तेच, डासही तेच. पण मध्ये चुना फासलेला हद्दीचा दगड होता, म्हणून दोन देश.

जाड्या राजाला गूळ फार आवडायचा. म्हणून त्यानं गूळपट्टी बसवली होती. ज्यानं गूळ केला त्यानं त्यातल्या काही ढेपा कचेरीत नेऊन भरायच्या. मात्र कुणी दानधर्म केला तर त्याला पट्टीत सूट मिळायची.

त्या साली ओढ्याला पूर आला आणि पलीकडच्या हुंबराळ गावाची शाळा वाहून गेली. पोरं चिंचेखाली बसून शिकू लागली. गौराक्काचं मन हळवं. ती म्हणाली, "शिदू, दोन ढेपा हुंबराळच्या शाळंला दे. गूळ इकून छप्पर घालतील. लेकरांचं भलं हुईल, आन् आपल्याला पट्टीत सूट बी मिळंल."

शिदूनं मान डोलावली. खांद्यावर ढेपा घेतल्या, ओढा ओलांडला आणि गूळ शाळेला दिला. तिथं ढेपा उतरवून घ्यायला हौसा नावाची मुलगी आली. हुंबराळच्या मगदूम तात्यांची ती लेक. तिनं एक ढेप सहज उचलून डोक्यावर घेतली आणि शिदूकडं बघून हसली. शिदू घरी आला तो जेवलाच नाही.

"आये," तो म्हणाला, "लगीन केलं तर हौसाशीच."

गौराक्काला आभाळ ठेंगणं झालं. तिनं लगेच मगदूम तात्यांकडं माणूस पाठवला. तात्या म्हणाले, "पोरगं राबतंय, गूळ गोड करतंय. भोळं हाय म्हणं. भोळं चालंल, येडं चालायचं न्हाई. येडेपणा दिसला की सोयरीक मोडली."

तेवढं सोडलं तर सगळं ठरलं.

दुसऱ्या दिवशी शिदू सूट मागायला कचेरीत गेला. तिथं अंताजी नावाचे कारकून बसायचे. माणूस नियमाचा पक्का. घरी चटणी वाढली तरी आधी विचारायचे, कोणत्या नियमानं वाढली.

"दान कुठं दिलंस?" अंताजींनी विचारलं.

"हुंबराळला."

"ते ओढ्यापलीकडे. परक्या राज्यात दिलेल्या दानाला आपला राजा सूट का देईल? नीट ऐक. काही द्यायचं ते हद्दीच्या आत द्यायचं. दगडाच्या पलीकडे द्यायचं नाही."

शिदूनं मान डोलावली. शिदूनं मान डोलावली की पुढं काहीतरी व्हायचंच.

चार दिवसांनी साखरपुडा होता. गौराक्कानं हिरवी साडी, साखरेचा पुडा, पेढे आणि नारळ एका टोपलीत भरले. "तू पुढं हो," ती म्हणाली. "हे हौसाच्या घरी दे. मी बायका घिऊन मागनं येते."

शिदू ओढ्यापाशी आला. समोर दगड. शिदू थांबला. टोपली दगडाच्या अलीकडं ठेवली, पलीकडं तोंड करून "घ्या हो!" म्हणून ओरडला आणि आडवाटेनं घरी येऊन झोपला.

गौराक्का बायका घेऊन दगडापाशी पोचली तेव्हा साखर मुंग्यांनी नेली होती. पेढे कुत्र्यांनी खाल्ले होते. एक शेळी हिरवी साडी चारा समजून चघळत उभी होती आणि पदरापर्यंत पोचली होती. हुंबराळला मांडवात सगळे वाट बघत बसले होते. गौराक्कानं शेळीच्या तोंडातून राहिलेली साडी ओढून काढली, शेजारणीला घरी पिटाळून तिची ठेवणीतली साडी मागवून घेतली आणि कसाबसा साखरपुडा उरकला.

"अरं, हद्दीच्या आत द्यायचं ते दानाचं!" घरी येऊन ती ओरडली. "ही सोयरीक हुती!"

"असं व्हय," शिदू म्हणाला. "मग दान हद्दीच्या आत देतो."

आणि त्यानं दिलं. दोन ढेपा उचलल्या, दगडाच्या अलीकडं ठेवल्या, हात जोडले आणि तडक कचेरी गाठली.

"या खेपेला हद्दीच्या आत दिलं, साहेब."

"कुणाला?"

"कोण येईल त्येला."

"कोण आलं?"

"मी निघालो तवा माकडं आली हुती."

अंताजींनी दौत बाजूला सरकवली. "शिदू, माकडांना राजा सूट देत नाही. दान कुणी घेतलं, त्याची पावती लागते. यापुढं पावती घेतल्याशिवाय हातातलं काहीही सोडू नकोस. कुणी किती का ओरडेना."

शिदूनं मान डोलावली.

आठवड्याभरात मगदूम तात्या होणाऱ्या जावयाचं घर बघायला आले. नवा फेटा, नव्या वहाणा. मागं विहीर आहे म्हणून तिचं पाणी बघायला वाकले. नव्या वहाणा घसरल्या. तात्या पाण्यात, फेटा काठावर.

पाणी कमरेएवढंच होतं, पण गार होतं आणि त्यात बेडूक होते. तात्या ओरडले, "जावईबापू! दोर सोडा, दोर!"

शिदू धावत आला. दोराचं वेटोळं हातात घेतलं. सोडणार इतक्यात त्याला आठवलं.

"तात्या, पावती?"

"कसली पावती?"

"दोर मिळाल्याची. पावतीबिगर हातातलं काय सोडायचं न्हाई."

"अरं मी पाण्यात हाय! कागूद कुठनं आणू?"

शिदूला ते पटलं. त्यानं घरातून कागद आणला. विहिरीत टाकणार तोच पुन्हा थांबला.

"तात्या, कागूद मिळाल्याची पावती?"

 खालून तात्या बोलले, पण ते लहान मुलांसमोर सांगण्यासारखं नाही. ते ऐकून गौराक्का धावत आली, शिदूच्या हातून दोर हिसकावून घेतला आणि व्याह्यांना वर काढलं. तात्यांच्या कानात शेवाळ होतं.

"गौराक्का," तात्या कुडकुडत म्हणाले, "लगीन मोडलं."

गौराक्का रडली. शिदूही रडला, कारण हौसा मिळणार नाही एवढं त्याला बरोबर कळलं होतं. पण तात्यांनी घरी जाऊन विहिरीची हकीकत सांगितली तेव्हा हौसा इतकी हसली की तिला उचकी लागली. "तात्या," ती म्हणाली, "त्यो खोटं बोलत न्हाई, दारू पीत न्हाई, आन् तुमास्नी गप बशिवलं. मला पसंत हाय."

लेकीपुढं तात्यांचं चालेना. "बरं," ते म्हणाले, "पण मांडवात येडेपणा केला तर तिथंच दुसरा बघीन." लग्न पुन्हा उभं राहिलं.

"अरं, पावती दानाची घ्यायची!" गौराक्का शिदूला म्हणाली. "बुडत्या माणसाची न्हाई!"

"असं व्हय. मग दानाची घेतो."

सोंडवाडीत एक अन्नछत्र मंडळ होतं. वाटसरूंना जेवू घालायचं. कचेरीत त्याची रीतसर नोंद होती. मंडळाचा कारभारी केरबा नावाचा तरुण होता. नीटनेटका, सरळ, अजून बिनलग्नाचा. पावतीपुस्तक कायम कोटाच्या खिशात, पेन्सिल कानावर. शिदूनं त्याला दोन ढेपा दिल्या. केरबानं पावती दिली. वर पंगतीला बसवलं, पुरणपोळ्या वाढल्या आणि दात्याचा मान म्हणून डोक्याला फेटा बांधला.

शिदू फेट्याचा शेमला उडवत कचेरीत गेला. अंताजींनी पावती पाहिली. त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी फेटा पाहिला.

"हा फेटा कुणी दिला?"

"मंडळानं. जेवाय बी घातलं. सात पोळ्या."

अंताजींचा चेहरा पुन्हा होता तसा झाला. "मग हे दान कसलं? गूळ देऊन जेवण घेतलंस, फेटा घेतलास. नियमात बसत नाही. दान दिल्यावर बदल्यात काही घ्यायचं नसतं. घोटभर पाणीसुद्धा नाही. कुणी किती आग्रह केला तरी हात मागे बांधून उभं राहायचं."

शिदूनं मान डोलावली.

लग्न जवळ आलं. मंगळसूत्र करायचं होतं. गौराक्कानं पट्टीच्या ढेपा तेवढ्या घरात ठेवल्या आणि हंगामाचा बाकी सगळा गूळ बैलगाडीत भरला. "बाजारात जा आन् समदा गूळ दिऊन ये," ती म्हणाली. "हौसाचं सोनं ह्यातनं व्हायचं हाय."

शिदू बाजारात गेला आणि गूळ देऊ लागला. पहिल्या गिऱ्हाइकानं पैसे पुढं केले. शिदूनं हात मागं बांधले. "न्हाई. बदल्यात काय घ्यायचं न्हाई. फकस्त पावती द्या."

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. पाय मोडून घरी पडलेली माणसं पळत आली. ओढ्यापलीकडून माणसं आली. एक म्हातारी प्रामाणिक होती. ती पैसे घेऊन शिदूच्या मागं लागली. शिदू पळाला. म्हातारी काठी टेकत मागं. शिदू शेवटी गाडीखाली लपला आणि तिथूनच ओरडला, "आजी, मला पापात पाडू नगा!"

संध्याकाळी तो रिकामी गाडी घेऊन घरी आला. पोतंभर पावत्या होत्या आणि पैसा एकही नव्हता. बाजाराची ही गोष्ट मगदूम तात्यांना कळली नसेल का? कळली होती. पण त्यांनी काही विचारलं नाही, कारण रांगेत ते स्वतः दोनदा उभे राहिले होते.

गौराक्का या वेळी ओरडली नाही. ती आत गेली, आपल्या लग्नातल्या सोन्याच्या पुतळ्या काढल्या आणि सोनाराकडं जाऊन मोडल्या. तिच्याकडं तेवढंच सोनं होतं. त्याचं मंगळसूत्र झालं.

शिदू पोतं घेऊन कचेरीत गेला. "साहेब, हद्दीच्या आत दिलं. पावत्या घेतल्या. बदल्यात काय घेतलं न्हाई."

अंताजींनी पावत्या चाळल्या. चाळता चाळता त्यांचा डावा डोळा फडफडायला लागला. "हे बाजारातले लोक! यातले अर्धे तर हुंबराळचे. पुन्हा दान परक्या राज्यात गेलं. अरे, पलीकडच्याला द्यायची एवढी हौस असेल तर त्यालाही वाट आहे. थेट द्यायचं नाही. आपल्या इकडच्या नोंदलेल्या मंडळाला द्यायचं आणि बाजूला व्हायचं. दिलेली वस्तू मंडळाची झाली. ती पलीकडे कुणाला द्यायची, ते मंडळ ठरवेल. अमक्यानं घ्यावं, तमक्याला द्यावं, असं आपण बोलायचं नाही. एवढं जमलं की सूट मिळालीच समज!"

शिदूनं मान डोलावली. इतकी जोरात डोलावली की फेटा सुटला.

लग्न हुंबराळला होतं. ओढ्यापाशी वऱ्हाड आल्यावर शिदू दगडापुढं थांबला. गौराक्का म्हणाली, "आज लगीन हाय. वलांड, माझ्या राजा." शिदूनं ओलांडला. गौराक्कानं मंगळसूत्र त्याच्या शेल्याच्या गाठीत बांधलं आणि केरबाला बाजूला घेतलं.

"केरबा, पोराचं लगीन आईनं बघू नये अशी आमच्यात रीत. मी मागं तुळशीला पाणी घालत उभी ऱ्हाणार. तू करवला म्हणून ह्येच्याजवळ उभा ऱ्हा. येडंवाकडं कराय लागला तर सांभाळ."

"काळजी करू नका, आक्का," केरबा म्हणाला.

मंगलाष्टकं सुरू झाली. शिदू हार घेऊन पाटावर उभा. समोर भटजींनी अंतरपाट धरला. अंतरपाटाच्या अलीकडं सोंडवाडीची माणसं. पलीकडं हुंबराळची हौसा.

शिदूनं त्या पांढऱ्या पडद्याकडं पाहिलं. चुना फासलेला दगडही असाच पांढरा होता. 'हद्द!' त्याला वाटलं. 'आन् माझ्या हातात हार. पलीकडच्याला द्यायचा.' त्याला घाम फुटला. मग शेजारी केरबा दिसला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. इकडचं नोंदलेलं मंडळ शेजारीच उभं होतं.

"केरबा," तो म्हणाला, "ह्यो हार मी मंडळाला दिला. आन् हे मंगळसूत्र बी दिलं. पावती फाड."

"शिदू, गप! अष्टकं चालल्यात!"

"पावतीबिगर सोडायचं न्हाई."

"अहो, मुहूर्त टळतोय!" भटजी कावले. "पुढचा दिवाळीनंतर आहे!"

मगदूम तात्या पुढं आले. "लिही बाबा पावती," ते केरबाला म्हणाले. "ह्यो सोडायचा न्हाई. मला हिरीतनं ठावं हाय."

केरबानं कानावरची पेन्सिल काढली, घाईघाईनं पावती लिहिली आणि हार-मंगळसूत्र हातात घेतलं. तेवढ्यात शेवटचं सावधान झालं. अंतरपाट खाली आला. अक्षता पडल्या, वाजंत्री कडाडली.

हौसानं हसून शिदूपुढं हार धरला. शिदूनं टुणकन मागं उडी मारली आणि हात पाठीमागं बांधले.

"न्हाई, न्हाई! दिल्यावर बदल्यात काय घ्यायचं न्हाई!"

हौसा हार घेऊन पुढं आली. शिदू पाटावरून उतरला. हौसा त्याच्या मागं, शिदू मांडवाच्या खांबाभोवती. वाजंत्रीवाल्यांना वाटलं, तिकडची काही रीत असेल. त्यांनी आणखी जोरात वाजवलं.

हौसा थांबली. तिला दम लागला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. "अवो," ती म्हणाली, "माझ्या गळ्यात हार कोण घालणार?"

"ते मंडळ ठरवंल," शिदू म्हणाला. "मी कायबी बोलणार न्हाई. नियमात न्हाई."

सगळा मांडव केरबाकडं वळला. तात्यांना आपलं 'तिथंच दुसरा बघीन' हे बोलणं आठवलं आणि त्यांनी केरबाकडं नीट, खालपासून वरपर्यंत पाहिलं. हौसानंही पाहिलं.

"काय हो मंडळ," हौसा डोळे पुसत म्हणाली, "काय ठरलं?"

केरबाचे कान लाल झाले. "बैठक घ्यावी लागंल," तो पुटपुटला.

"मग घ्या की हितंच. मुहूर्त चाललाय."

केरबानं डोळे मिटले. बैठक झाली. डोळे उघडले. "एकमतानं ठराव पास," तो म्हणाला, आणि हार हौसाच्या गळ्यात पडला. हौसानं हातातला हार त्याच्या गळ्यात घातला. भटजींनी मुहूर्त साधला आणि मंगळसूत्रही बांधवून घेतलं.

सगळ्यांत जोरात टाळ्या शिदूनं वाजवल्या.

तुळशीला पाणी घालून गौराक्का आली. पाटावर केरबा आणि हौसा बसलेले. शिदू पंगतीत गूळ वाढतोय. तिला सगळं कळलं. ती तिथंच मांडवात खाली बसली.

परतताना ओढ्यापाशी शिदू एकाएकी थांबला. "आये," तो म्हणाला, "दान तर नीट झालं. मग हितं छातीत का दुखतंय?"

गौराक्काला त्याला बोल लावायचे होते. खूप लावायचे होते. पण तिनं त्याच्या पाठीवरून नुसता हात फिरवला. "उद्या कचेरीत चल," ती म्हणाली. "सून गेली, सोनं गेलं. सूट तरी पदरात पाडून घेऊ."

दुसऱ्या दिवशी दोघं पट्टीच्या ढेपा गाडीत घालून कचेरीत गेले. सूट मिळाली तर गाडी तशीच परत न्यायची होती. आणि त्या गुळावरच वर्ष काढायचं होतं, कारण बाकीचा बाजारानं खाल्ला होता.

शिदूनं पावती पुढं केली. अंताजींनी चष्मा पुसला आणि वाचलं. एक हार, एक सोन्याचं मंगळसूत्र, अन्नछत्र मंडळास दान.

"थेट दिलं नाहीस?"

"न्हाई. मंडळाला दिलं."

"कुणाला द्यावं, ते बोललास?"

"एक अक्षर बोललो न्हाई. हौसा रडली तरी बोललो न्हाई."

"बदल्यात काही घेतलंस?"

"तिनं हार आणला हुता. मी पळालो."

अंताजी उठून उभे राहिले. पावती त्यांनी उजेडात धरली, उलटी करून पाहिली. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकं निर्मळ दान त्यांनी पाहिलं नव्हतं. 

"शिदू, हे दान नियमात बसलं! पुरतं बसलं! या सालची तुझी सगळी पट्टी माफ. गाडी तशीच घरी ने. घे ही सूट."

गौराक्कानं डोळ्यांना पदर लावला आणि बैलांची तोंडं घराकडं वळवली.

शिदूनं मात्र हात पाठीमागं बांधले.

"छ्या, साहेब," तो म्हणाला. "दान दिल्यावर बदल्यात काय घ्यायचं नसतंय. घोटभर पानी बी न्हाई. तुमीच सांगितलंय."

आणि तो गाडीवर चढून एकेक ढेप कचेरीत उतरवू लागला.